हाण, घण आणि गन : एका धातूची भावकी

माणसांप्रमाणे शब्दांनाही भावकी असते. एकाच घरातून निघालेली भावंडे दूरदूरच्या गावी जाऊन राहतात, त्यांचे बोलणे-चालणे बदलते, नावे बदलतात आणि चार-पाच पिढ्यांनंतर एकमेकांस भेटली तरी ओळख पटत नाही. मात्र एखादा जाणता म्हातारा ओसरीवर बसून वंशावळ सांगू लागला की कळते, हा तर आपलाच! भाषाविज्ञान हे शास्त्र त्या जाणत्या म्हाताऱ्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात त्याच्याच मदतीने एका शब्दाची वंशावळ मांडण्याचा मी अल्पसा प्रयत्न करीत आहे. हा शब्द आहे प्राचीन जर्मनिक लोकांचा ‘लढाई’ या अर्थाचा शब्द ‘गुंथिझ’. वाचक म्हणतील, नांदेड-लातूरकडच्या मुलीला जर्मनिक लोकांच्या लढाईशी काय करायचे आहे? त्याचे उत्तर असे की, या शब्दाची सख्खी भावंडे आपल्या घरात, शेतात, लोहाराच्या भट्टीवर आणि वर्तमानपत्रात रोज वावरत असतात.

विषय कसा सुचला

मी लोहाराच्या घरची. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. घरात भाता, ऐरण, सांडशी, हातोडा आणि घण हे शब्द पाटी-पुस्तकाच्या आधीचे. वडील सांडशीत तापलेला फाळ धरीत आणि आई घण घाली. ‘हाण’ म्हटले की घण पडायचा. शाळेत असताना एका निबंधात मी ‘वडिलांनी घण हाणला’ असे लिहिले होते. त्याखाली तांबडी रेघ आली आणि ‘घणाने प्रहार केला, असे लिहावे; हाणणे हा गावंढळ शब्द आहे’ असा शेरा मिळाला. शेरा कोणी दिला याला महत्त्व नाही; आपल्यापैकी बहुतेकांच्या वहीवर असले शेरे आलेले आहेत. पुढे द्वितीय वर्षात भाषाविज्ञानाची तोंडओळख झाली, तेव्हा ‘हाणणे’ खरोखरच कोठून आला हे पाहावे असे वाटले. पाहू लागले, तो वाट थेट युरोपात जाऊन पोहोचली.

‘हन्ति’ आणि ‘घ्नन्ति’

मराठी ‘हाणणे’ हा संस्कृत ‘हन्’ या धातूपासून आला आहे. मधला टप्पा प्राकृत ‘हणइ’ असा आहे. दोन स्वरांमधला ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला आणि मराठीने तो तसाच सांभाळला. ‘घण’ हाही संस्कृत ‘घन’ या शब्दाचा वंशज असून ‘घन’ म्हणजे ठोकण्याचे साधन, मोठा हातोडा. आमच्या भागात जुनी माणसे ‘ण’ ऐवजी ‘न’ उच्चारतात. ती ‘घन’ म्हणतात, ‘हान’ म्हणतात. याला आपण अशुद्ध म्हणतो. पण ‘घन’ हा नेमका संस्कृतचाच उच्चार झाला, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

आता प्रश्न असा की ‘हाण’ मध्ये ‘ह’ आणि ‘घण’ मध्ये ‘घ’, मग दोन्ही एकाच धातूचे कसे? संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना याची खूण सापडते. ‘हन्’ धातूचे एकवचनी रूप ‘हन्ति’, पण अनेकवचनी रूप मात्र ‘घ्नन्ति’. हा ‘घ’ मधूनच कोठून आला? पाणिनीने अष्टाध्यायीत यासाठी स्वतंत्र सूत्रच केले असून, ठराविक ठिकाणी ‘हन्’ मधील ‘ह’ चा ‘घ’ होतो असे सांगितले आहे. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ हीच गोष्ट उलट बाजूने मांडतात. त्यांच्या मते मूळ ध्वनी ‘घ’ च्या जातीचाच होता. पुढे ‘इ-ए’ जातीचा स्वर आला तेथे तो मऊ होत होत ‘ह’ झाला आणि इतरत्र ‘घ’ टिकला. म्हणजे ‘घ्नन्ति’ हे अपवादाचे रूप नसून जुन्या घराची उभी राहिलेली भिंत आहे.

या धातूच्या मराठीतील पसाऱ्यावर एक नजर टाकू. आघात, अपघात, घातक, घातवार, हत्या, हतबल, हताश हे शब्द सरळच दिसतात. ‘घाव’ आणि ‘घायाळ’ हे ‘घात’ पासून प्राकृतमार्गे आले. ‘विघ्न’ म्हणजे मध्ये येऊन मारा करणारे. आपण गणपतीला विघ्नहर्ता म्हणतो तेव्हा याच धातूचा उच्चार करतो. ‘कृतघ्न’ म्हणजे केलेल्या उपकाराची हत्या करणारा. ‘घणाघाती भाषण’ असे आपण म्हणतो, त्यात तर ‘घण’ आणि ‘घात’ ही दोन भावंडे एकाच जोडात बसली आहेत. शिवाय बोलीत ‘हाणणे’ चे राज्य फार मोठे आहे. आपल्याकडे माणूस भाकरी हाणतो, गप्पा हाणतो, टोमणा हाणतो, विरोधकांचा डाव हाणून पाडतो आणि पोळ्याच्या दिवशी पुरणपोळ्याही हाणतो. ‘प्रहार करणे’ या शुद्ध शब्दाला यातले एकही काम जमणार नाही.

समुद्रापलीकडची भावंडे

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एका समान मुळात असावा असे प्रतिपादन केले. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी जर्मनिक भाषांतील व्यंजने कोणत्या नियमाने बदलली ते सविस्तर दाखविले. या नियमांच्या आधारे आपला धातू युरोपात शोधता येतो.

प्राचीन जर्मनिक भाषेत ‘गुंथिझ’ हा लढाईचा एक शब्द होता. तो लिहिलेला सापडत नाही. वंशजांवरून विद्वानांनी तो सिद्ध केला आहे. नॉर्वे-आइसलंडच्या जुन्या भाषेत त्याचे रूप ‘गुन्नर’, जुन्या जर्मनमध्ये नावांतून येणारे ‘गुंद’ आणि जुन्या इंग्रजीत ‘गूथ’. इंग्रजीतील ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात हा ‘गूथ’ आणि त्याचे सामासिक शब्द वारंवार येतात. संस्कृतात याच घडणीचे शब्द ‘हति’ आणि ‘हत्या’. पटत नसेल तर एकेक अक्षर तपासू.

पहिले अक्षर. संस्कृत ‘हंस’, जर्मन ‘गान्स’, इंग्रजी ‘गूस’. म्हणजे संस्कृत ‘ह’ च्या जागी तिकडे ‘ग’. (हंसातला मूळ ध्वनी ‘हन्’ मधल्या ध्वनीहून थोडा वेगळा होता, परंतु जर्मनिकात दोन्ही ‘ग’ वरच येऊन थांबले.) दुसरे अक्षर. संस्कृत ‘शत’, इंग्रजी ‘हंड्रेड’. संस्कृत ‘अज्ञात’, इंग्रजी ‘अननोन’. म्हणजे मूळच्या स्वरासारख्या वागणाऱ्या अनुनासिकाचा आपल्याकडे नुसता ‘अ’ झाला आणि तिकडे ‘उन्’ झाला. तिसरे अक्षर. संस्कृत ‘त्रि’, इंग्रजी ‘थ्री’. आपला ‘त’, त्यांचा ‘थ’. आता ‘हति’ घ्या आणि एकेक अक्षर बदला: ‘ह’ चा ‘ग’, ‘अ’ चा ‘उन्’, ‘त’ चा ‘थ’. ‘गुंथि’ तयार झाला! जर्मन ‘गान्स’ मधला ‘न’ इंग्रजी ‘गूस’ मध्ये गळून स्वर लांबला; त्याच रीतीने ‘गुंथ’ मधला ‘न’ गळून इंग्रजीत ‘गूथ’ झाला. गणित सोडवून ताळा जुळावा तसा हा ताळा जुळतो.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक, आपला ‘हन्’ युरोपात गेला नाही आणि त्यांचा ‘गुंथ’ इकडे आला नाही. दोघांचा पूर्वज एक आणि तो संस्कृतच्याही आधीचा. दोन, नुसत्या कानाला सारखा लागला म्हणून शब्द नातलग होत नाही. इंग्रजी ‘हिट’ किंवा ‘हंट’ हे शब्द ‘हन्’ सारखे वाटतात, पण ते याचे कोणीही नव्हेत. कारण नियमानुसार इंग्रजी शब्दाच्या आरंभी ‘ग’ असायला हवा. तसेच आपल्या ‘हत्यार’ या शब्दात ‘हत्या’ दडल्यासारखी दिसते, पण हिंदीतील ‘हथियार’ शेजारी ठेवला की त्याचे नाते ‘हात’ शी असल्याचे दिसून येते. भावकी ठरवायची तर चेहऱ्यावर जाऊन चालत नाही, वंशावळच पाहावी लागते.

इतर घरांतही हा धातू नांदतो. ग्रीकमध्ये ‘फोनॉस’ म्हणजे खून. लॅटिनमध्ये ‘देफेन्देरे’ म्हणजे मारा परतवणे. त्यातून इंग्रजी ‘डिफेन्स’ आणि त्याचेच तोडके रूप ‘फेन्स’, म्हणजे कुंपण. फार्सीत ‘जदन’ म्हणजे मारणे. निजामाच्या राज्यातील उर्दू कारभारात रुळलेला ‘नामजद’ हा शब्द यातलाच, अर्थ ‘ज्याच्यावर नावाचा ठोका पडला तो’. वेदातील इंद्राचे ‘वृत्रहन्’ हे विशेषण इराणात ‘वेरेथ्रघ्न’ या देवाच्या नावात आढळते. झिजत झिजत त्याचे ‘बहराम’ झाले आणि पारशी लोकांबरोबर ते ‘बेहराम’ होऊन मुंबईस आले. समाजसुधारक बेहरामजी मलबारी (१८५३–१९१२) यांचे नाव घेताना आपण नकळत वृत्राच्या वधाचीच गोष्ट सांगत असतो.

वसईचा गोन्सालो

जर्मनिक लोकांना लढाईचे शब्द घालून नावे ठेवण्याची मोठी हौस होती. ‘गुंथर’ म्हणजे लढाई आणि सैन्य. ‘निबेलुंगेनलीड’ या जर्मन महाकाव्यातील राजाचे हे नाव. १९८६ साली कलकत्त्यास येऊन राहिलेले व १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे कादंबरीकार गुंटर ग्रास यांचेही नाव तेच.

पाचव्या शतकात जर्मनिक टोळ्या स्पेन-पोर्तुगालमध्ये उतरल्या. त्यांची भाषा तेथे टिकली नाही, पण नावे टिकली. ‘गुंदिसाल्वो’ हे असेच एक नाव. त्याच्या पूर्वार्धात आपला ‘गुंथ’ आहे. स्पेनमध्ये त्याचे ‘गोन्झालो’ झाले, पोर्तुगीजांत ‘गोन्सालो’, आणि गोन्सालोच्या मुलाचे आडनाव ‘गोन्साल्विस’. पोर्तुगीज गोव्यात आणि वसईत आले तेव्हा हे नाव जहाजातून महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले. आज गोव्यात आणि वसईत गोन्साल्विस आडनावाची किती तरी कुटुंबे आहेत.

वसईतच सोळाव्या शतकात पोर्तुगीज पिता आणि भारतीय माता यांच्या पोटी गोन्सालो गार्सिया जन्मले. पुढे ते फ्रान्सिस्कन पंथाचे बंधू झाले आणि जपानमध्ये धर्मकार्य करीत असता ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सहकाऱ्यांसह त्यांना क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालयही आहे. नावात लढाई, आणि मरण मात्र हाती शस्त्र न धरता! शब्दाचा अर्थ माणसावर बंधन घालत नाही, हे या एका चरित्रावरून कळते.

येथे एक मोह आवरला पाहिजे. आपला ‘हापूस’ आंबा ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आला आणि ते नावही मुळात जर्मनिकच. त्याच्या पूर्वार्धाचा अर्थ काही विद्वान ‘लढाई’ असा करतात, तर काही ‘कुलीन’ असा. शिवाय तेथे ‘लढाई’ मानली तरी तो ‘गुंथ’ नव्हे, दुसराच शब्द आहे. तेव्हा आंबा कितीही गोड असला तरी त्याला आपल्या भावकीत पाट मांडता येत नाही.

गुनिल्डाबाई आणि शतघ्नी

इंग्रजीत ‘गूथ’ शब्द पुढे मेला. त्याची जागा ‘बॅटल’ ने घेतली. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याच्या मुळाशीही ‘बडवणे’ हाच अर्थ आहे. म्हणजे नवा आला तोही ‘हाणामारी’ च्याच वळणाचा. परंतु जुना शब्द एका वेगळ्याच वेषात शिल्लक राहिला.

इंग्लंडात विंडसर किल्ल्यातील शस्त्रांची एक यादी १३३०–३१ सालची आहे. तीत एका मोठ्या शिंगाच्या धनुष्ययंत्राचे नाव ‘डोमिना गुनिल्डा’, म्हणजे ‘गुनिल्डाबाई’ असे नोंदले आहे. ‘गुनहिल्ड’ हे उत्तरेकडचे बायकांचे नाव. त्यातला ‘गुन्न’ म्हणजे लढाई आणि ‘हिल्ड’ म्हणजेही लढाईच. आपल्या ‘घणाघात’ सारखा हा दुहेरी ठोका. दारूची शस्त्रे आली तशी हे लाडके नाव आखडून ‘गन’ झाले आणि त्यांना लागू पडले, असे बहुतेक कोशकार मानतात. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसरच्या काव्यात हा शब्द आढळतो. तेथून ‘मशीनगन’, ‘गनपावडर’ असे शब्द मराठीतही आले.

तोफेला नाव देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. प्रसिद्ध ‘मुलूखमैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि मराठवाड्यातल्याच परंड्याच्या किल्ल्यावरून पुढे विजापूरला नेण्यात आली. त्याहून विशेष म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांत ‘शतघ्नी’ नावाचे शस्त्र येते. रामायण-महाभारतात ते आहे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही यंत्रांमध्ये त्याची गणना आहे. ‘शतघ्नी’ म्हणजे शंभरांना मारणारी. त्यातील ‘घ्नी’ आणि इंग्रजी ‘गन’ एकाच धातूची. दोन्ही शस्त्रे, दोन्ही स्त्रीलिंगी, आणि मध्ये हजारो कोसांचे अंतर! मात्र एवढ्यावरून प्राचीन भारतात तोफा होत्या असा निष्कर्ष काढणे बरोबर नव्हे. नाते शब्दांचे आहे, यंत्रांचे नाही.

संघ आणि संग्राम

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की हा धातू तर नुसता रक्ताने माखलेला आहे. मलाही तसेच वाटू लागले होते. पण घणाची दोन कामे असतात. घण तोडतो आणि घण जोडतोही. दोन लोखंडाचे तुकडे लालभडक तापवून ऐरणीवर एकावर एक ठेवायचे आणि वर घण हाणायचा. दोन्ही एकजीव होतात. संस्कृत भाषेने हे पाहिले असावे. ‘सम्’ म्हणजे एकत्र, त्याला ‘हन्’ जोडला की ‘संहति’, म्हणजे एकजूट, आणि ‘संघ’, म्हणजे समुदाय. ‘संघ’ हा शब्द ‘हन्’ पासून साधला जातो असे पाणिनीनेच सूत्रात सांगितले आहे. भगवान बुद्धांनी आपल्या भिक्षूंच्या समुदायाला हेच नाव दिले. ‘घनदाट’ मधला ‘घन’ सुद्धा ठोकून ठोकून घट्ट झालेला. ज्या धातूतून हत्या निघाली, त्यातूनच अहिंसेची शिकवण देणाऱ्यांचा संघही निघाला.

याच्या बरोबर उलट प्रवास ‘संग्राम’ या शब्दाने केला. वेदकाळी ‘ग्राम’ म्हणजे एका जागी वसलेले गाव असे नव्हते. गुरेढोरे, गाडे घेऊन फिरणाऱ्या लोकांचा जथा असा त्याचा अर्थ होता. असे जथे एकत्र आले की ‘संग्राम’. ते एकत्र आले की बहुधा लढतच, म्हणून संग्राम म्हणजे युद्ध झाले. जथे स्थिर झाले तेव्हा ‘ग्राम’ चे गाव झाले. म्हणजे संघाचा प्रवास माऱ्याकडून मिलाफाकडे आणि संग्रामाचा मिलाफाकडून माऱ्याकडे!

आपण मराठवाड्याचे लोक १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्या दिवशी १९४८ साली निजामाची राजवट संपली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्याला ‘युद्ध’ न म्हणता ‘संग्राम’ म्हणतात हे मला फार योग्य वाटते. त्या लढ्यात खरोखरच गावे एकत्र आली होती. शब्दाचा तीन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आमच्या आजोबांच्या पिढीने व्याकरण न शिकता खरा करून दाखविला.

समारोप

या सर्व विवेचनातून काय हाती लागले? ‘हाणणे’ हा गावंढळ शब्द नाही. ‘प्रहार’ जितका जुना, तितकाच ‘हाणणे’ च्या मुळाशी असलेला धातू जुना; त्याचे भाऊबंद बेओवुल्फात आहेत, इराणच्या देवाच्या नावात आहेत आणि वसईच्या संताच्या नावातही आहेत. प्रहार पोथीतून उचलून आणलेला, तर हाणणे मात्र आमच्या आजी-पणज्यांच्या तोंडून, एकही दिवस खंड न पडता, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. अक्षर न ओळखणाऱ्या माणसांनी हा ठेवा सांभाळला. ज्यांना आपण अडाणी म्हणतो, त्यांच्या जिभेवर हे संग्रहालय होते.

आणि ते आता रिकामे होत आहे. तयार फाळ दुकानात मिळतो, तुटलेले वेल्डिंगने जोडले जाते. भट्टी विझली की भट्टीचे शब्दही विझतात. भाता आणि सांडशी म्हणजे काय, हे माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातील कित्येक मुलांना सांगावे लागते.

म्हणून माझ्या सहाध्यायी मित्र-मैत्रिणींना एक विनंती. आपल्यापैकी कोणी लोहा-कंधारचे, कोणी मुखेड-देगलूरचे, कोणी उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूरचे. कोणाच्या घरी माग होता, कोणाच्या घरी चाक, कोणाच्या घरी कातड्याचे काम, तर कोणी उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात राबलेल्यांची लेकरे. सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही घेऊन आजी-आजोबांजवळ बसा आणि त्यांच्या कामाचे शब्द जसे ते उच्चारतात तसे उतरून घ्या. ते दुरुस्त करू नका. ‘घन’ म्हणाले तर ‘घन’ च लिहा. यातील कोणता शब्द कोणत्या समुद्रापलीकडे आपला भाऊ शोधत असेल, हे आज सांगता येत नाही. पण वहीत उतरलाच नाही तर तो शोध कधीच लागणार नाही.